एका ओळीत वेबसाइट ‘जगभर लाइव्ह’? कुठली!

एक मजकूर सगळीकडे फॉरवर्ड होतोय: ‘अँड्रॉइड फोन रूट करा, टर्मक्समध्ये पायथॉनची एक ओळ टाका, वेबसाइट जगभर लाइव्ह. फोन खिशात असला तरी चालू. पत्ता कुणाला माहीत नाही, म्हणून धोका शून्य.’ (टर्मक्स म्हणजे फोनवर कमांड टाइप करून चालवायचं अ‍ॅप, पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा.) यात ती ओळ तेवढी खरी आहे. पायथॉनसोबतच येणारं ‘एचटीटीपी डॉट सर्व्हर’ हे मॉड्यूल, म्हणजे फोल्डरमधल्या फाइली ब्राउझरला दाखवणारा तयार प्रोग्रॅम, खरंच एका ओळीत सुरू होतं.

रूट, म्हणजे फोनवर पूर्ण ताबा, कशाला? 1024 च्या खालचे पोर्ट (सर्व्हरच्या दारांचे क्रमांक) साध्या अ‍ॅपला मिळत नाहीत, म्हणून वेबसाइटच्या नेहमीच्या 80 वर अडलेल्या कुणीतरी ही अट घातली असावी. हे मॉड्यूल मुळात 8000 वरच उघडतं. विषय संपला.

‘जगभर’ हा शब्द जास्त फसवा आहे. वायफायवर फोनला बहुधा 192.168 ने सुरू होणारा पत्ता मिळतो, तो घरातल्या राउटरपुरताच. मोबाइल डेटावर तर बहुधा कंपनी एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटते. तुमच्या वाट्याला उदाहरणार्थ 10 किंवा 100.64 ने सुरू होणारा आतला पत्ता येतो. बाहेरून ठोठावणाऱ्याला तुमचं दार सापडतच नाही. मध्ये टनेल, म्हणजे बाहेरच्या सर्व्हरमार्गे फोनपर्यंत वाट काढणारी सेवा, लावला तर सापडेल, पण मग ती ‘एक ओळ’ राहिली कुठे?

खिशातलं म्हणाल तर स्क्रीन बंद झाली की अँड्रॉइड प्रोसेसरला झोपवतो. टर्मक्सचा वेक लॉक (प्रोसेसरला झोपू न देणारी सोय) घेतला तर तो जागा राहतो, पण बॅटरीची किंमत मोजून.

आता ‘धोका शून्य’. हा दावा मला सगळ्यात खटकतो. फोल्डर न सांगता सर्व्हर सुरू केलात, तर तुम्ही उभे असाल तेच फोल्डर उघडं पडतं. टर्मक्समध्ये ते बहुतेकदा होम, म्हणजे अ‍ॅप उघडल्यावर मिळणारं मूळ फोल्डर, असतं. त्याच वायफायवरच्या दुसऱ्या फोनवर पत्ता टाकून बघा: टिंबाने सुरू होणाऱ्या, एरवी लपलेल्या फाइलीसुद्धा यादीत दिसतात, त्यात तुमच्या कमांडचा इतिहासही. फोनच्या स्टोरेजची परवानगी दिली असेल तर ‘स्टोरेज’ ही लिंकही असते. त्यातून ‘डीसीआयएम’, मग ‘कॅमेरा’. तीन टिचक्यांत तुमचे फोटो. पासवर्ड नाही, एन्क्रिप्शन नाही. आणि पत्ता गुप्त कसला? त्या वायफायवरचे सगळे पत्ते तपासायला स्कॅनरला फार वेळ लागत नाही.

स्वतःपुरतं पान तपासायचं असेल तर त्या ओळीतल्या ‘बाइंड’ या पर्यायाला 127.0.0.1 (फक्त त्याच फोनपुरता पत्ता) द्या आणि ‘डिरेक्टरी’ या पर्यायाला एक रिकामं फोल्डर. त्यात फक्त ते पान ठेवा.