परिषद दिल्लीत, अंगठा कोल्हापुरात

ग्रंथपालांची मोठी परिषद यंदा दिल्लीत होती. प्रवासखर्चाचा अर्ज मी महिनाभर आधी दिला होता. तो परत आला तेव्हा त्यावर सही मोठी होती आणि शेरा छोटा: 'ऑनलाइन सहभाग घ्यावा.' थेट प्रक्षेपण नव्हतंच. मग उरला हॅशटॅग.

तसा हॅशटॅग हा आमच्याच धंद्यातला प्रकार. विखुरलेला माल एका विषयशीर्षकाखाली आणायचा. २००७ साली ख्रिस मेसिना या गृहस्थानं ट्विटरवर ही युक्ती सुचवली. गृहस्थ ग्रंथपाल नव्हता, हे लगेच कळतं. कारण दिल्लीतले निम्मे लोक हॅशटॅगात सालाचे चार आकडे लिहीत होते, निम्मे दोनच, आणि एका विदुषींनी मधे अधोरेषा घातली होती. तालिकेत असा घोळ झाला की आम्ही 'पाहा' नोंद घालून वाचकाला योग्य जागी धाडतो. इथं मीच तीन नळांना तीन बादल्या लावून पळत होतो. त्यात दोन आकड्यांचा हॅशटॅग एका दाक्षिणात्य हिरोच्या चाहत्यांनीही उचललेला. हस्तलिखितांच्या जतनावर चर्चा चालू असताना मधेच कटआउटला दुधाचा अभिषेक!

बरं, अॅप पोस्टा वेळेप्रमाणं लावत नाही. तुम्हाला काय रुचेल याचा ते आपलं आपणच अंदाज बांधतं. त्यामुळं मला दुपारी तीनला पहिल्या सत्राचे आभार मिळाले आणि चारला दीपप्रज्वलन.

पडद्याचे फोटो तर विचारूच नका. स्लाइडवर पाच मुद्दे. दोन दिसतात, तिसऱ्यापासून खाली पुढच्या रांगेतलं टक्कल. कोनही तोच, टक्कलही तेच, दोन्ही दिवस. वक्त्यांपैकी कुणी उद्या रंकाळ्यावर भेटला तर मी ओळखणार नाही, पण ते टक्कल दिवाळीच्या गर्दीत महाद्वार रोडलासुद्धा हुडकून काढीन. जेवणाचे फोटो मात्र लख्ख. तिथं कुणाचंही डोकं आड आलेलं नव्हतं. पनीर, नान, गुलाबजाम. तिखट किती ते फोटोवरून कळत नाही म्हणतात; कोल्हापूरच्या माणसाला रश्श्याच्या रंगावरून कळतं. नव्हतंच.

मुद्द्याचं कोण लिहितं? एकाच भाषणावर एकानं लिहिलं, 'भविष्य डेटात आहे.' दुसऱ्यानं, 'भविष्य वाचकात आहे.' तिसऱ्यानं नुसतं 'अप्रतिम!!!' आणि सोबत स्वतःचा फोटो. आमच्या ग्रंथालयशास्त्राचे गुरू रंगनाथन यांचा चौथा नियम मात्र ज्यानं त्यानं टाकला: वाचकाचा वेळ वाचवा. १९३१ साली ते लिहून गेले. मी तो त्या दिवशी नऊ वेळा वाचला. नवव्यांदा मान वर केली तर काउंटरवर बी.कॉम.ची एक मुलगी उभी. "सर, वीस मिनिटं झाली."

तिला पुस्तक देऊन, न राहवून मी एक प्रश्न पोस्ट केला. आमच्या करवीर नगर वाचन मंदिराची स्थापना १८५० सालची. अशा ग्रंथालयांतली जुनी मराठी पुस्तकं स्कॅन केली तरी संगणक जोडाक्षरांपाशी अडखळतो. मग त्यांत शोध घ्यायचा कसा? दहा मिनिटांनी फोन थरथरला: 'कोल्हापूरहून आलेला सुंदर प्रश्न! सभागृहात जोरदार चर्चा.' त्यावर चाळीस बदाम. चर्चेत काय निघालं, ते कुणी लिहीना. सगळेच चर्चेत गुंतलेले असणार.

अखेर एक फोटो आला. वक्ते उभे, उजव्या हातात माईक, डावा हात गालापाशी, तोंड उघडं. खाली ओळ: 'अत्यंत समर्पक उत्तर.' मी दोन बोटांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. ओठांचा आकार 'आ'चा होता की 'ओ'चा? 'ओ' असेल तर ओसीआर, म्हणजे स्कॅनमधली अक्षरं संगणकाला ओळखायला लावायची युक्ती, म्हणत असतील. 'आ' असेल तर 'आपण यावर नंतर बोलू.'

तेवढ्यात शिपाईमामा चहा घेऊन आले आणि माझ्या खांद्यावरून डोकावले.

"काय झालंय ह्येस्नी?"

"उत्तर देताहेत मामा. माझ्या प्रश्नाचं."

मामांनी कप खाली ठेवला, चष्मा पुसला आणि फोटो नीट निरखला.

"उत्तर कुठलं सर? दाढ दुखाय लागलीया त्यांची. डावीकडची."

मी पुन्हा बघितलं. गाल जरा सुजल्यासारखा दिसत होता खरा.