जेल फोडो आणि भायखळा

जुलै लागला की आमच्या सांगलीच्या कट्ट्यावर जेल फोडोचा विषय निघतोच. २४ जुलै १९४३. वसंतदादा आणि साथीदारांनी गणेशदुर्गातल्या तुरुंगात भरदिवसा पहारेकऱ्यांच्या बंदुका हिसकावल्या आणि तटावरून उड्या टाकल्या. दादांच्या खांद्याला गोळी लागली, अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव गेले. हे इथल्या पोरासोरांनाही पाठ आहे.

यंदा संज्यानं मध्येच काडी टाकली. "आणि भायखळ्याच्या जेलात बायकांनी केलं, ते कुठं बसवायचं?"

"कुठंच न्हाई," अण्णा ताडकन म्हणाले. ते पोलिसातून निवृत्त. "दादा देशासाठी आत गेलते. ह्या बाया खून-चोऱ्या करून."

"सगळ्या? अहो, आपल्या देशातल्या तुरुंगात चारातले तीन कच्चे कैदी. खटलाच संपला नाही त्यांचा."

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. जून २०१७. सकाळच्या वाटपात दोन अंडी आणि पाच पाव कमी भरले. जाब विचारला गेला तो बराकीची वॉर्डर, म्हणजे बाकी कैद्यांवर देखरेख ठेवणारी कैदीच असलेल्या, जन्मठेप भोगणाऱ्या एका बाईला. जेलच्या कर्मचाऱ्यांनी तिला बेदम मारलं असा आरोप आहे. २३ जूनच्या रात्री ती गेली. दुसऱ्या दिवशी कैदी बायका गच्चीवर चढल्या, कागद पेटवले, घोषणा दिल्या. दोनशेहून जास्त जणींवर दंगलीचा गुन्हा लागला आणि जेलच्या सहा जणींना खुनाच्या आरोपाखाली अटक झाली.

"चढल्या नसत्या तर ही अटक झाली असती?" संज्या.

"जबाब दिले असते की त्यांनी."

"कुणाकडं? आधी जेलरकडंच ना?"

अण्णा हटेनात, आणि त्यांचा मुद्दाही फेकून देण्यासारखा नव्हता. मुंबईच्याच आर्थर रोड तुरुंगाची तेव्हाची क्षमता ८०४, आत कित्येकदा तीन हजारांच्या वर माणसं. पहाऱ्याला मूठभर शिपाई. "अशात बराक पेटली तर आधी कोण मरतंय? कैदीच ना?"

सर इतका वेळ गप्प होते. ते शाळेत इतिहास शिकवायचे. म्हणाले, "जतिन दास १९२९ साली लाहोरच्या तुरुंगात ६३ दिवस उपाशी राहून गेले. मागणी होती राजकीय कैद्यांना नीट वागवा ही. अंदमानात १९३३ च्या उपोषणात तिघे गेले. ते काय मागत होते? खाण्यालायक अन्न, साबण, रात्री दिवा. मागणं भायखळ्यापेक्षा फार लांबचं नाही. पण लाहोरची मागणी राजकीय कैद्यांपुरती होती. चोराच्या ताटाकडं बघायला कुणाला सवड नव्हती."

"उपोषणच केलं ना पण? जाळपोळ न्हाई केली," अण्णांनी बरोबर पकडलं.

"उपोषणाला दिवस लागतात अण्णा. इथं बाई रात्री मेली, सकाळपर्यंत प्रकरण मिटवणारा कागद तयार झाला असता."

हे मला पटलं. तुरुंगाचा कायदा २०१७ सालीही १८९४ चाच होता, आणि तो लिहिणाऱ्यांना कैद्याच्या तक्रारीपेक्षा त्याच्या शिस्तीची काळजी जास्त होती.

अण्णा जरा नरमले. "बघ, जबाब घ्यायला बाहेरचा माणूस पायजे, एवढं मान्य. गच्चीवर चढणं मान्य न्हाई."

"बाहेरचा माणूस आत आणायलाच चढल्या त्या."

"मग गुन्हा पण अंगावर घ्यायचा."

"घेतलाय की. दोनशे जणींनी."