प्रचारकी म्हणे!

आज एका कार्यक्रमाला गेलो आणि डोकं फिरवून घेऊन आलो. विषय गिरणगावाचं साहित्य. वक्ते विद्वान. म्हणाले, नारायण सुर्वे, अण्णाभाऊ साठे वगैरेंचं ऐतिहासिक मोल आहेच, पण निव्वळ वाङ्मय म्हणून पाहिलं तर बरंचसं प्रचारकी. पुढच्या रांगेतल्या माना डुलल्या.

रस्त्यावर टाकून दिलेलं पोर एका गिरणी कामगाराने उचलून घरी नेलं, वाढवलं. ते पोर पुढे गिरणीत राबलं, शाळेत शिपाई झालं, मग मास्तर झालं आणि १९६२ साली त्याचा 'ऐसा गा मी ब्रह्म' हा कवितासंग्रह आला. तेच हे सुर्वे. हा प्रचार? कुणाचा, सांगा ना!

माझे बाबा गिरणीच्या साचाखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात होते. दिवसभर साच्यांचा खडखडाट ऐकून चाळिशीतच कान गेले. रात्री त्यांना पुस्तक वाचून दाखवायचं म्हणजे मला ओरडायला लागायचं, चाळीच्या सगळ्या गॅलरीला ऐकू जायचं. मग आजूबाजूचे काका बिड्या घेऊन दारात येऊन बसत आणि मध्येच अडवत. 'थांब रे. मुकादम असा बोलतो होय?' 'पगाराच्या दिवशी गेटावर पठाण उभा असतो वसुलीला, ते लिहिलंय का बघ.' चूक सापडली की लेखक बाद. अण्णाभाऊ कधी बाद झाले नाहीत. वाटेगावाहून आलेला, शाळा जवळपास न पाहिलेला, गिरणीत काम केलेला माणूस. त्याला कोण पकडणार? या समीक्षेपुढे आजच्या वक्त्यांनी आपलं एक पान ठेवून दाखवावं.

आणि ऐकणारे बहुतेक निरक्षर होते, म्हणून तर लावणी, पोवाडा, लोकनाट्य. १९४४ साली अण्णाभाऊ, अमर शेख, गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं, ते काय हौस म्हणून? पाळी करून आलेला माणूस कंटाळला तर उठून जाऊन झोपतो. त्याला बसवून ठेवणं म्हणजे काय असतं, ते एसी हॉलमध्ये नाही कळायचं.

हो, काही पोवाडे नुसत्या घोषणा होत्या. मान्य. पुढे.

खरं तर मला वेगळंच सांगायचंय. एकदा ग्रंथालयातून बाबूराव बागूलांचं 'जेव्हा मी जात चोरली होती' आणलं. नेहमीसारखं मोठ्याने वाचायला लागलो. रेल्वेत नोकरीला लागलेला तरुण, राहायच्या जागेसाठी जात लपवतो, कळल्यावर मार खातो. त्या रात्री कुणी अडवलं नाही. कुणी चूक काढली नाही. एकेक काका उठून गेले. बाबा म्हणाले, 'पुरे आता. पानं घ्या.'

का ते मला पुष्कळ उशिरा कळलं. धोटा म्हणजे साच्यात आडवा धागा नेणारी लाकडी नळी. त्यातली सुताची कांडी बदलली की धागा तोंडाने ओढून घ्यायचा. तोंड लागतं, म्हणून अस्पृश्यांना साचाखात्यात घेत नसत. रिंगखात्यात, म्हणजे सूत कातायच्या खात्यात घेत, तिथे पगार कमी. १९२८च्या गिरणी संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला होता. आमची गॅलरी सगळी साचाखात्यातली. मालकाला शिव्या देणारी कथा आम्हाला गोड लागायची. ही आमच्यावरच होती.

बाबांवर राग धरता येत नाही. त्यांनी काही तो नियम केला नव्हता. पण त्याच नियमाने त्यांना चार पैसे जास्त मिळाले, आणि हे घरात कधी कुणी बोललं नाही. बागूल बोलले. आता मला सांगा, प्रचार करणारा आपल्याच श्रोत्यांना असं दारातून उठवून लावतो का? प्रचारात गरीब नेहमी बिचारा आणि स्वच्छ असतो. गरिबालाही कुणीतरी पायाखाली लागतं, हे लिहायला ज्याला हात होता, त्याचं वाङ्मयीन मोल कसलं मोजताय?

हे सगळं हॉलमध्ये बोलायचं होतं. प्रश्नोत्तरांना वेळ नाही म्हणाले. वडा बरा होता.

असो. कुणाकडे मामा वरेरकरांच्या 'धावता धोटा'ची जुनी प्रत आहे का? गिरणी कामगारांवर लिहिणारा हा माणूस पोस्टातल्या नोकरीतून आलेला, त्यामुळे मला जरा शंकाच आहे, पण वाचल्याशिवाय बाद करणार नाही. झेरॉक्सचे पैसे मी देईन. इनबॉक्स करा.