‘होपफुली’ला चूक ठरवणाऱ्या मेसेजला उत्तर

‘आशा आहे की’ या अर्थाने इंग्रजी ‘होपफुली’ने वाक्य सुरू केलं की मुलाखतीत थेट बाद, असा एक मेसेज सध्या फिरतोय. सांगलीत विश्रामबागच्या एका क्लासच्या ग्रुपवरून तो माझ्या भाचीपर्यंत पोचला. बँकेच्या मुलाखतीची तयारी करणारी ही पोर आता इंग्रजीत तोंड उघडायलाच बिचकते. “मामा, हे चालतं का, ते चालतं का?” एवढंच चाललंय. राग येतो तो याचा.

मेसेजचं म्हणणं असं: या शब्दाचा एकच अर्थ, ‘आशेने’. शेवटी ‘ली’ असलेला शब्द क्रियापदालाच लागतो, म्हणून ‘होपफुली, इट विल रेन’ म्हणजे पाऊस आशेने पडेल!

असा नियम इंग्रजीत नाहीच. ‘फ्रँकली’, ‘फॉर्च्युनेटली’, ‘ऑब्व्हियसली’ यांनी वाक्यं रोज सुरू होतात. तिथे बोलणारा सगळ्या वाक्याबद्दल आपलं मत सांगत असतो. आपणही ‘सुदैवाने आयर्विन पुलापाशी पाणी उतरलं’ म्हणतोच की. सुदैव ही पाणी उतरण्याची पद्धत आहे, असं सांगलीत कोण समजतं?

थोडं मान्य करतो. ‘आशेने’ हा अर्थ जुना आहे, आणि ‘फॉर्च्युनेटली’ची फोड (‘ही सुदैवाची गोष्ट आहे की’) ‘होपफुली’ला जशीच्या तशी लागत नाही. खेदासाठी इंग्रजीत दोन शब्द आहेत: माणूस खेदाने बोलला तर ‘रिग्रेटफुली’, गोष्टच खेदाची असेल तर ‘रिग्रेटेबली’. आशेला अशी जोडी नाही, म्हणून दोन्ही कामं एकाच शब्दाकडे आली. ‘थँकफुली’चंही तसंच झालं, पण त्याच्या वाटेला हा मेसेज जात नाही.

आता पुरावा. असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेची लेखनपुस्तिका तिथल्या पत्रकारांना प्रमाण. त्या पुस्तिकेतच हा वापर वर्षानुवर्षं निषिद्ध होता. एप्रिल २०१२ मध्ये त्यांनी तो रीतसर स्वीकारला. मेसेज लिहिणारा अजून त्याआधीच्याच काळात आहे.

कुणी म्हणेल, ‘मोबाईलवरच्या पोरांनी भाषा बिघडवली’? हा वापर १९३० च्या दशकातल्या अमेरिकी छपाईतही सापडतो, त्यावर ओरड सुरू झाली १९६० च्या दशकात. किंवा म्हणेल, ‘ब्रिटिश माणूस असं बोलत नाही’? ऑक्सफर्ड आणि केंब्रिजचे कोश उघडा, दोन्ही अर्थ दिलेत.

राहिली मुलाखत. “कामावर कधी रुजू व्हाल?” याला ‘होपफुली, नेक्स्ट मंथ’ हे उत्तर कच्चं आहे, कारण समोरच्याला तारीख हवी असते. मराठीत ‘बघू, बहुतेक येईन’ म्हटलं तरी ते तितकंच कच्चं. तिथे तारीख सांग. बाकी ‘होपफुली’ बिनधास्त म्हण, पोरी.