ओल आली? रंग द्या!

भाड्याने दिलेल्या फ्लॅटच्या दुरुस्तीचं पहिलं तत्त्व असं, की तिथे आपण राहत नाही. हे एकदा मनात पक्कं बसलं की ठेकेदार निवडणं फार सोपं होतं.

समजा, जुलैत तुमच्या पुण्यातल्या फ्लॅटमधून फोटो आला. बाथरूमला लागून असलेली बेडरूमची भिंत ओली, रंगाला फुगे, खालच्या बाजूला पांढऱ्या क्षारांचा लोणा. घाईने कुणाला बोलावू नका. आधी विचारा, "कपडे घरात वाळत घालता का हो?" पावसाळ्यात सगळेच घालतात. बिचारा "हो" म्हणणार आणि ओल त्याच्या नावावर चढणार. यात तीन आठवडे सहज निघतात.

फोटो येतच राहिले, तर तीन ठेकेदार बोलवा. पहिला भिंतीवर टकटक करेल, नहाणी ट्रॅपची जाळी उचलून आत डोकावेल, वरच्या मजल्यावरचं बाथरूम बघायला मागेल. मग सांगेल, की वरच्यांच्या फरशीखाली पाणी साठतंय, फरशी उखडून वॉटरप्रूफिंग करावं लागेल, दोन दिवस पाणी तुंबवून तपासावं लागेल आणि भिंत पुरती वाळल्याशिवाय मी रंगाला हात लावणार नाही. त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. पाणी कुठून येतंय हे विचारणारा माणूस तुम्हाला खर्चात पाडणार. दुसरा दरपत्रक लिहून देईल: फरशी चौरस फुटाने, मजुरी वेगळी, राडारोडा उचलणारा टेम्पो वेगळा. इतका तपशील सरळ माणूस कशाला देईल? तिसरा मात्र दारातूनच भिंतीकडे बघतो, "होऊन जाईल साहेब" म्हणतो आणि एकच आकडा सांगतो, तोही पहिल्याच्या पाव. हा आपला माणूस.

त्याच्याकडून लेखी काही घेऊ नका, संबंध बिघडतात. पैसे मात्र निम्म्याहून जास्त आधीच द्या. "मटेरियल आणायचंय" एवढं कारण पुरे. त्यानंतर तो रोज फोनवर "माणूस पाठवतो" म्हणेल. शेवटी जो येईल तो गवंडी, रंगारी की कालपर्यंत मजूर अड्ड्यावर उभा असलेला कुणी, याची चौकशी बरी दिसत नाही. तोच लांबी (म्हणजे पुट्टी) भरेल, तोच गळका नळ बघेल आणि आलाच आहे तर गीझरही जोडून जाईल. विजेच्या कामाला सरकारी परवान्याचा तारतंत्री लागतो, हे खरं. पण तो अर्थिंग तपासतो, गीझरला जाड वायर मागतो, वर आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवा म्हणतो. आपल्या माणसाला अर्थिंगची हिरवी वायर जोडली नाही तरी पाणी तापतं, हे अनुभवाने ठाऊक असतं. (गीझरखाली उभं तुम्हाला राहायचं नाहीये, पहिलं तत्त्व आठवा.)

आता रंग. ओल्या प्लास्टरवर लांबी आणि लांबीवर चकचकीत प्लास्टिक पेंट. आत अडकलेलं पाणी वाट शोधत राहतं, क्षार वर येतात, पापुद्रे सुटतात, पण हे सगळं व्हायला पुढचा पावसाळा यावा लागतो. करार 11 महिन्यांचा. दिवाळीनंतर रंग दिला तर नवा माणूस हिवाळा-उन्हाळा खुशीत काढतो. तो जाताना डिपॉझिटमधून रंगकामाचे पैसे कापायची अनेक मालकांची पद्धतच आहे. म्हणजे आपली ओल झाकायचा खर्च ती सोसणाराच देतो. इतकी सुंदर व्यवस्था कुणी एकट्याने बसून आखली असती, तर मी त्याचा पुतळा उभारा म्हणालो असतो.

वरच्या मजल्यावरच्यांशी बोलायच्या फंदात पडू नका. सेक्रेटरी "आपसात मिटवा" म्हणतील, वरचे "आमच्याकडे तर कोरडं आहे" म्हणतील, आणि दोघंही बरोबरच असतील.

करात तर सरकारच तुमच्या बाजूने आहे. घरभाड्याच्या उत्पन्नातून भरलेला मिळकतकर वजा करून जे उरतं, त्यातले 30 टक्के सरसकट सोडून दिले जातात. पावती कुणी मागत नाही. एक रुपया खर्चला नाहीत तरी 30 आणि अख्खं बाथरूम नवं केलंत तरी 30च. यावर दुरुस्ती करणाऱ्याला काय म्हणावं?

कुणी 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा काढेल. घर राहण्याजोगं ठेवणं ही मालकाची जबाबदारी, आणि नोटीस देऊन 15 दिवसांत काही झालं नाही तर भाडेकरूने स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करावा, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत, असं त्यात आहे. दचकू नका. तुमच्याकडे भाडेकरू राहतोय कुठे? लिव्ह अँड लायसन्सवर राहतो तो लायसन्सी, म्हणजे नुसता राहण्याची परवानगी मिळालेला. भाडं तो भाडेकरूसारखंच भरतो, एवढाच काय तो घोळ.

दहा-बारा पावसाळ्यांनंतर स्लॅबमधल्या सळया गंजून फुगतील आणि काँक्रीटचे पोपडे खाली येतील. तोवर सोसायटीच्या स्ट्रक्चरल ऑडिटची वेळही आलेली असेल. त्याच्या आत फ्लॅट विकायला काढा. रंगासाठी आपल्या त्या माणसाचा नंबर असेलच. जाहिरातीत क्षेत्रफळाच्या आधी लिहा: नुकताच संपूर्ण रंग दिलेला, ताबा लगेच.