वाळवलेल्या समुद्रशेवाळाबद्दलच्या आपल्या अभिप्रायास उत्तर

आदरणीय ग्राहक,

आपल्या दोन ताऱ्यांच्या अभिप्रायात असे म्हटले आहे की, आमच्याकडून नेलेल्या नोरीची (म्हणजे कागदासारख्या पातळ वाळवलेल्या समुद्रशेवाळाची) पाने हिरवी नसून काळपट-जांभळी निघाली, म्हणजे माल जुना आहे. आपल्या टाकीतील पिवळ्या टँगने (शेवाळ खाणाऱ्या समुद्री माशाने) त्यांना तोंड लावले नाही. सकाळी लावलेले अख्खे पान दुसऱ्या दिवशी विरघळून पाणी गढूळ झाले. आणि सुशी या जपानी पदार्थासाठीचे हिरवेगार पान याहून स्वस्त मिळत असल्याने आम्ही नाहक जास्त पैसे घेतले, असेही आपले म्हणणे आहे.

रंगाचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण ही शंका बऱ्याच जणांना येते. नोरी ज्या शेवाळापासून बनते ते मुळात लाल शेवाळांच्या गटातले आहे. त्यात हरितद्रव्यासोबत फायकोएरिथ्रिन हे लाल रंगद्रव्य असते, आणि म्हणून नुसते वाळवलेले, न भाजलेले पान काळसर जांभळेच दिसते. ते भाजले की उष्णतेने लाल रंगद्रव्य नाहीसे होते, हरितद्रव्य मागे राहते आणि पान हिरवे दिसू लागते. सुशीच्या पानाचा हिरवेपणा हा ताजेपणाचा नव्हे, भाजण्याचा परिणाम आहे. अर्थात, ओल लागलेली नोरीही जांभळट पडते, हेही येथे सांगितले पाहिजे. त्यामुळे केवळ रंगावरून दोन्ही बाजूंनी निष्कर्ष काढता येत नाही. पान दुमडल्यावर कट्कन मोडते का आणि त्याला समुद्राचा स्वच्छ वास येतो का, हे पाहावे. बडोद्याच्या पावसाळ्यात उघडे राहिलेले पाकीट उघड्या डब्यातल्या पापडासारखे मऊ पडते, मग ते आमच्या दुकानातले असो वा अन्य कोठले.

सुशीचे साधे भाजलेले पान, ज्याच्या घटकांत शेवाळाखेरीज काहीही नाही, ते आपण खुशाल घालावे. आमची त्याला हरकत नाही. भाजताना क जीवनसत्त्व घटते, एवढ्याच कारणासाठी आम्ही न भाजलेले ठेवतो. मात्र खाऊ म्हणून मिळणारी, तिळाचे तेल, मीठ किंवा सोया सॉस लावलेली पाने टाकीत कधीही घालू नयेत. तेलाचा तवंग पाण्यावर पसरला की हवेतील प्राणवायू पाण्यात मिसळण्यास अडथळा येतो.

टँग समुद्रात खडकावरचे शेवाळ दातांनी खरवडून खातो. अधांतरी लोंबणारे पान त्याला पहिल्यांदा अन्न वाटत नाही. दोन बोटे रुंदीची पट्टी रबराने लाईव्ह रॉकच्या (टाकीत ठेवतात त्या सूक्ष्मजीव असलेल्या सच्छिद्र खडकाच्या) तुकड्याला बांधून ठेवावी; एकदा चव कळली की मग पान अडकवण्याची क्लिप वापरता येते. नोरीचे पूर्ण पान साधारण १९ बाय २१ सेंटिमीटरचे असते. एका माशासाठी ते फार झाले, आणि उरलेले संध्याकाळी काढलेच पाहिजे, नाहीतर ते कुजून नायट्रेट व फॉस्फेट वाढतात आणि नको असलेले शेवाळ काचेवर उगवते. (आपल्याच टाकीतील लायनफिश मांसाहारी आहे, त्याच्याकडून या कामी मदतीची अपेक्षा ठेवू नये.)

‘पुढच्या वेळी ओख्याहून शेवाळ आणून घरीच वाळवीन’ असेही आपण लिहिले आहे. कृपया तसे करू नये. कच्छच्या आखाताच्या तोंडाशी असलेल्या ओख्याच्या किनाऱ्यावर उल्वा, म्हणजे सी लेट्यूस हे हिरवे शेवाळ, चांगले उगवते हे खरे; परंतु त्या आखातात १९८२ पासून सागरी राष्ट्रीय उद्यान आहे आणि त्याच्या हद्दीतून काहीही उचलण्यास मनाई आहे. हद्दीबाहेर बंदराजवळचे शेवाळ घ्यावे, तर ते पाण्यातील जड धातू शोषून साठवते, आणि धुतल्याने ते निघत नाहीत.

न उघडलेली पाकिटे आम्ही बदलून देऊ. उघडलेल्या पाकिटाबद्दल शंका असल्यास ते दांडिया बाजारातील दुकानात आणावे, आपल्यासमोर नव्या पाकिटातील पानाशी ताडून पाहू, आणि आमचे पान मऊ निघाले तर पैसे परत मिळतील. येताना पाकीट हवाबंद डब्यात आणावे. पावसातून उघडे आणल्यास ते कोठे मऊ पडले हे आम्हालाही सांगता येणार नाही.

आपला,
दुकानमालक, बडोदे