लेझरने 54 डोळे गेले म्हणे, मग दुसऱ्या डोळ्यांचं पण सांगा की

तो फॉरवर्ड आमच्या फॅमिली ग्रुपवर पण येऊन पोचला आणि आत्याने डोळ्याच्या लेझरची ठरलेली तारीख परस्पर कॅन्सल करून टाकली, म्हणून लिहितोय, नाहीतर असल्या मेसेजच्या नादी कोण लागतं. मेसेज असा: अमेरिकेत 197 शुगर पेशंटना लेझर केलं त्यात 54 जणांचा डोळा गेला, दोन डोळे एकाच माणसाचे म्हणून तो अभ्यासच खोटा, लेझरने नजर अधू होते, त्यापेक्षा डोळ्यात मध घाला.

54 आकडा खरा आहे. पुढचं गिळलंय. डायबेटिक रेटिनोपथी स्टडी, म्हणजे शुगरमुळे डोळ्याचा पडदा खराब होतो त्यावरचा अभ्यास, 1970 च्या दशकातला. पेशंट 1700 हून जास्त, हे 197 त्यातल्या जास्त धोका असलेल्यांमधून काढलेले. प्रत्येकाच्या एकाच डोळ्याला लेझर, कुठल्या ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवायचं, दुसरा तसाच ठेवायचा. त्याच 197 जणांचे तसेच ठेवलेले डोळे किती गेले? 101! माणूस तोच, शुगर तीच, बीपी तेच, पथ्य मोडणारं तोंड पण तेच, फरक फक्त लेझरचा. नुसते 54 सांगणं म्हणजे हेल्मेट घालून किती मेले तेवढंच सांगून बिनहेल्मेटवाल्यांचा विषयच न काढणं. आणि उरलेले 143 "बरे झाले" असंही कोणी म्हणत नाही, शेवटच्या तपासणीपर्यंत गेले नव्हते एवढंच माहीत असतं, म्हणून तर किती गेले याच्याबरोबर किती महिने टिकले तेही हिशोबात धरतात.

दोन डोळे एकाच माणसाचे, यात तथ्य आहे, मान्य. एक लवकर गेला तर दुसऱ्यालाही धोका जास्त, त्यामुळे 394 डोळे म्हणजे 394 वेगळी माणसं धरली तर गणित चुकतंच. पण हे काय मेसेजवाल्याने शोधून काढलं? हस्टर, ब्रुकमायर आणि सेल्फ या संख्याशास्त्रज्ञांनी 1989 मध्ये बायोमेट्रिक्स नावाच्या संशोधनाच्या मासिकात नेमकं यासाठीच गणिताचं मॉडेल मांडलं, जोडीतलं नातं धरून, आणि तरीही लेझरचा फायदा दिसलाच.

नजर अधू होते? कडेचं आणि रात्रीचं थोडं कमी दिसू शकतं, हो, आणि गेलेली नजर लेझरने परत येत नाही. डॉक्टरांनी हे आधीच नीट सांगायला हवं.

मधाबद्दल काय बोलणार. पोळीला लावा.

बाकी फायदा इतका स्पष्ट दिसला की 1976 मध्ये अभ्यासाचा नियमच बदलला आणि मुद्दाम तसेच ठेवलेल्या, जास्त धोक्यातल्या डोळ्यांनाही लेझर करायची परवानगी दिली.